एका क्रियापदाचा पाठलाग

अथेन्स नगराच्या चौकांत ‘राजा’ ही जुनी पदवी धारण करणाऱ्या एका अधिकाऱ्याची कचेरी होती. राजेशाही केव्हांच संपली होती, परंतु धर्माविरुद्धचे गुन्हे आणि मनुष्यवध ह्यांचे दावे प्रथम ह्या नांवाच्या राजापुढेंच मांडावे लागत. ह्या कचेरीची खांबांची ओसरी पुढें शतकानुशतकें जमिनीखालीं गाडली गेली. तिचे अवशेष अमेरिकन उत्खननकारांना १९७० मध्यें सांपडले. इ. स. पू. ३९९ मध्यें ह्याच ओसरीपाशीं सॉक्रेटिस आणि युथिफ्रो ह्या दोघांची गांठ पडल्याचें प्लेटोनें आपल्या एका संवादांत दाखविलें आहे. सॉक्रेटिसाचें वय सत्तर वर्षांचें. मेलिटस नांवाच्या एका तरुणानें त्याच्यावर अधर्माचा आरोप ठेवला होता, त्याच कामासाठीं तो तेथें आला होता. युथिफ्रोचेंही एक काम होतें. तो दाव्यांत पाठलाग करणारा आहे कीं पळणारा, असें सॉक्रेटिसानें त्याला विचारलें. तो पाठलाग करणारा निघाला. मग ज्याच्या मागें तो लागला होता तो उडून जाणारा प्राणी आहे कीं काय, अशी सॉक्रेटिसानें थट्टा केली. उडणें तर राहोच, तो गृहस्थ जख्ख म्हातारा होता. आणि हा म्हातारा म्हणजे युथिफ्रोचा प्रत्यक्ष बाप होता.

ही थट्टा मराठींत पुरती उतरत नाहीं. कारण ती एका ग्रीक क्रियापदावर उभी आहे. तें क्रियापद म्हणजे ‘दिओको’. त्याचा साधा अर्थ पाठलाग करणें. परंतु अथेन्सच्या न्यायालयांत फिर्याद करणें ह्यालाही हाच शब्द होता. फिर्यादी तो ‘दिओकोन्’, म्हणजे पाठलाग करणारा. आणि ज्याच्यावर फिर्याद झाली तो ‘फेउगोन्’, म्हणजे पळणारा. पुढें ह्याच क्रियापदास धर्मच्छळाचा अर्थ आला; आणि सद्‌गुणाचा, शांतीचा किंवा प्रेमाचा ध्यास धरणें हाही अर्थ त्याच्याच पदरीं पडला. शिकार, लढाई, खटला, छळ आणि साधना हे पांच व्यापार आपल्याला एकमेकांपासून किती दूरचे वाटतात! ग्रीक भाषेनें ते एकाच शब्दांत सामावून घेतले. ते कसे सामावले हें पाहिलें म्हणजे एका शब्दाबरोबर हजार वर्षांचा ग्रीक जगाचा इतिहासही नजरेखालून जातो.

प्रथम शब्दाचें मूळ पाहावें. होमरच्या काव्यांत ‘दिएमाइ’ असें एक जुनें क्रियापद आढळतें. त्याचा अर्थ त्वरेनें धांवणें किंवा दुसऱ्यास पुढें घालून पळविणें. ‘दिओको’ हें त्याचेंच भावंड होय, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ह्या दोहोंच्या मुळाशीं जो प्राचीन धातु कल्पिलेला आहे त्याचा अर्थ वेगानें जाणें एवढाच. आणि वेदांतील ‘दीयति’, म्हणजे उडतो किंवा झेपावतो, हें रूप त्याच धातूपासून आलें असें समजलें जातें. ‘उद्’ ह्या उपसर्गाशीं ह्या वैदिक धातूचा सांधा होऊन ‘उड्डीयते’ हें रूप सिद्ध झालें, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. आणि तें मत ग्राह्य धरलें तर आपलें ‘उडणें’ हें क्रियापदही त्या ग्रीक शब्दाचें दूरचें नातलग ठरतें. उडणाऱ्या सावजामागें धांवण्याची सॉक्रेटिसाची थट्टा अशा रीतीनें त्याला स्वतःला ठाऊक नसलेल्या एका जुन्या नात्याला स्पर्श करून गेली.

येथें एक सावधगिरी बाळगावी लागते. न्याय ह्या अर्थाचा ग्रीक शब्द ‘दिके’ असा आहे. ‘दिके’ आणि ‘दिओको’ हे कानाला इतके जवळचे वाटतात कीं न्यायापासूनच पाठलाग निघाला असावा, असा समज सहज व्हावा. परंतु तो खरा नव्हे. ‘दिके’चें मूळ दाखविणें ह्या अर्थाच्या धातूंत आहे, आपले ‘दिश्’ आणि ‘दिशा’ हे शब्द त्याच कुळांतले. एक शब्द वाट दाखवितो, दुसरा धांवतो. ह्या दोहोंची जोडी जमली ती व्युत्पत्तीनें नव्हे, तर अथेन्सच्या नागरिकांनीं जमविली. ती कशी जमली हें पाहण्यापूर्वीं मात्र हा शब्द मूळच्या मोकळ्या रानांत कसा वावरत होता तें पाहिलें पाहिजे.

होमरच्या महाकाव्यांत ह्या शब्दाला नीतीचा वास नाहीं. ‘इलियड’मध्यें एक योद्धा आपल्या घोड्यांची प्रशंसा करतो ती अशी कीं, मैदानांत इकडून तिकडे पाठलाग करणें आणि वेळ आली तर पळून जाणें ह्या दोन्ही कला त्यांना सारख्याच अवगत आहेत. ‘ओडिसी’मध्यें समुद्रावरून वेगानें जाणाऱ्या जहाजाला हाच शब्द लावला आहे, तेथें तर पुढें पळणारें कोणीच नाहीं, नुसती गति आहे. त्याच काव्यांत वेषांतर करून स्वतःच्या घरीं आलेल्या ओडिसिअसला एक उर्मट भिकारी दारांतून हुसकावूं पाहतो. त्या हुसकावण्यालाही हेंच क्रियापद आहे. घरधन्यालाच घराबाहेर घालविण्याचा हा प्रयत्न ऐकतांना श्रोत्यांना हंसूं आलें असेल. पण हुसकावण्याचा हा अर्थ पुढें फार दूरवर गेला.

होमरमधील सर्वांत प्रसिद्ध पाठलाग म्हणजे ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गांतला. ट्रॉयच्या तटाभोंवतीं हेक्टर पळतो आहे आणि अकिलीस त्याच्या मागें लागला आहे. अशा तीन प्रदक्षिणा झाल्या. शर्यतींत धांवणारे एखाद्या पशूसाठीं किंवा कातड्यासाठीं धांवतात. येथें पैज हेक्टरच्या प्राणांची होती, असें कवि बजावतो. पळणें आणि पाठलाग करणें हीं दोन्ही क्रियापदें तो एकाच ओळींत समोरासमोर उभीं करतो. आणि मग एक विलक्षण उपमा देतो. स्वप्नांत जसें धांवणाऱ्याला पुढचा गांठतां येत नाहीं आणि पुढच्याला निसटतांही येत नाहीं, तशी त्या दोघांची गत झाली होती. ह्या उपमेनंतर पाठलाग ही केवळ बलवानाची क्रिया राहत नाहीं. ज्याचा पाठलाग चालला आहे तो जितका बांधलेला आहे, तितकाच पाठलाग करणाराही बांधलेला आहे.

हाच अकिलीस पुढें तत्त्वज्ञांच्या हातीं लागला. इ. स. पू. पांचव्या शतकांतील इलिया येथील झीनो ह्यानें गति असंभवनीय आहे हें दाखविण्यासाठीं जीं कोडीं रचलीं त्यांपैकीं एक ‘अकिलीस’ ह्या नांवानें ओळखलें जातें. ॲरिस्टॉटलनें तें आपल्या ‘भौतिकी’ ह्या ग्रंथाच्या सहाव्या भागांत नमूद केलें आहे. अत्यंत वेगवान धांवपटूही अत्यंत मंद गतीच्या प्राण्याला गांठूं शकणार नाहीं. कारण पाठलाग करणाऱ्याला प्रथम त्या जागीं पोंचलें पाहिजे जेथून पळणारा निघाला होता, आणि तोंवर पळणारा थोडा का होईना पुढें सरकलेला असणार. येथेंही शब्द तेच आहेत: ‘दिओको’ आणि ‘फेउगो’. रणांगणावरची आणि न्यायालयांतली ही जोडी आतां गणितांत शिरली.

न्यायालयांतला अर्थ कसा आला? त्याचें कारण अथेन्सच्या न्यायपद्धतींत आहे. तेथें सरकारी वकील नव्हता. पोलिसांनीं तपास करून खटला भरावा अशी यंत्रणाही नव्हती. इ. स. पू. ५९४ मध्यें सोलोननें जे कायदे केले त्यांत एक महत्त्वाची तरतूद अशी होती कीं, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीनें कोणाही इच्छुक नागरिकानें दाद मागावी. दुर्बळाला पाठीराखा मिळावा हा त्यांतला हेतु होता. परंतु ह्याचाच दुसरा परिणाम असा झाला कीं, प्रत्येक सार्वजनिक खटल्यामागें एक माणूस उभा असे. त्याला स्वतः प्रतिपक्षाला साक्षीदारांसमक्ष बोलावणें करावें लागे, स्वतः अधिकाऱ्यापुढें जावें लागे, आणि पंचांच्या मोठ्या सभेपुढें घटिकापात्रांतलें पाणी संपेपर्यंत स्वतः बोलावें लागे. अशा माणसाला पाठलाग करणारा म्हणणें हें अथेन्सच्या लोकांना रूपक वाटत नसावें. तें साधें वर्णनच होतें.

आपल्याकडील शब्दांशीं हा ताडून पाहण्याजोगा आहे. संस्कृतांतील ‘वादी’ म्हणजे बोलणारा. फारसींतून आलेला ‘फिर्यादी’ म्हणजे हांक मारणारा, गाऱ्हाणें सांगणारा. आपल्या न्यायालयांत माणूस तोंडानें शिरतो. अथेन्सच्या न्यायालयांत तो पायांनीं शिरे. युरोपांत मात्र ग्रीकांसारखी कल्पना अन्यत्रही आढळते. लॅटिनमधील मागें जाणें ह्या अर्थाच्या एका धातूपासून इंग्रजींतील ‘पर्स्यू’, ‘प्रॉसिक्यूट’ आणि ‘पर्सिक्यूट’ हीं तिन्ही क्रियापदें निघालीं: एक पाठलागाचें, एक खटल्याचें आणि एक छळाचें. स्कॉटलंडच्या दिवाणी न्यायालयांत तर वादीला आजही ‘पर्स्यूअर’ असेंच म्हणतात.

अथेन्सच्या ह्या पद्धतीचें दोन प्रकारचें फळ दिसतें. इ. स. पू. ४९० मध्यें मॅराथॉनच्या मैदानावर इराणच्या सेनेचा पराभव करणारा मिल्टायडिस पुढच्याच वर्षीं पॅरोस बेटावरील एका मोहिमेंत अपयशी होऊन परत आला. लोकांची फसवणूक केली असा आरोप ठेवून झांथिपसनें त्याच्यावर खटला भरला. हिरोडोटसनें ह्या ठिकाणीं आपलेंच क्रियापद वापरलें आहे. मिल्टायडिसची मांडी सडत चालली होती, त्याला बिछान्यावर निजवून आणलें होतें, आणि त्याच्या वतीनें मित्रांनीं भाषण केलें. मृत्यूची शिक्षा टळली, पण ५० टॅलेंट दंड झाला. एक टॅलेंट म्हणजे ६००० द्राख्मा. तो वीर त्याच दुखण्यानें मरण पावला आणि दंड त्याचा पुत्र किमोन ह्यानें भरला. ज्याला उठून बसणेंही अशक्य होतें, त्याला त्या दिवशीं कायद्याच्या भाषेंत पळणारा असें म्हटलें जात होतें.

पाठलागाचें हें शस्त्र दुधारी आहे हें अथेन्सला कळत नव्हतें असें नाहीं. म्हणून सार्वजनिक खटल्यांत ज्या फिर्यादीला पंचांच्या मतांपैकीं एक पंचमांश मतेंही मिळत नसत त्याला १००० द्राख्मा दंड होई, आणि तशा प्रकारचा खटला पुन्हां भरण्याचा त्याचा हक्कही जाई. इ. स. पू. पांचव्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची रोजची मजुरी सुमारें एक द्राख्मा होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या दंडाचें वजन कळतें. ईस्किनिस ह्या वक्त्याला तें चांगलेंच कळलें. डिमॉस्थेनिसला सुवर्णमुकुट द्यावा अशी सूचना टेसिफॉननें मांडली, ती बेकायदेशीर आहे म्हणून ईस्किनिसनें इ. स. पू. ३३६ मध्यें फिर्याद गुदरली. खटला उभा राहिला इ. स. पू. ३३० मध्यें. डिमॉस्थेनिसच्या भाषणापुढें ईस्किनिसला पंचमांश मतेंही मिळालीं नाहींत आणि त्यानें अथेन्स कायमचें सोडलें. ग्रीक भाषेंत ‘फेउगो’ म्हणजे पळणें, आरोपी असणें आणि हद्दपारींत राहणें असे तीनही अर्थ आहेत. पाठलाग करणारा अखेर पळणारा झाला.

पण दंडाच्या भीतीनें अविचारी फिर्याद थांबेल. प्रामाणिक फिर्याद चुकीची असेल तर काय? युथिफ्रोचें उदाहरण ह्यासाठींच मोलाचें आहे. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतावर एका मजुरानें दारूच्या नशेंत एका गुलामाचा खून केला होता. युथिफ्रोच्या बापानें त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकांत टाकलें आणि पुढें काय करावें हें विचारण्यास अथेन्सला माणूस धाडला. तो परत येण्यापूर्वीं मजूर थंडीनें व भुकेनें मेला. एका गरीब मजुराच्या जिवासाठीं मुलानें बापावर उलटावें ह्यांत एक प्रकारची उंची आहे हें नाकारतां येत नाहीं. परंतु पुण्य म्हणजे काय ह्या प्रश्नाला युथिफ्रोला एकही टिकणारें उत्तर देतां आलें नाहीं, आणि तरी त्याची पुण्यावरील श्रद्धा तिळभर ढळली नाहीं. थोड्याच दिवसांत सॉक्रेटिसाला सुमारें ५०० पंचांनीं दोषी ठरविलें. मेलिटसालाही आपण नगराच्या धर्मामागेंच धांवत आहों असें वाटत असेल. त्याच्या हातीं लागला तो एक म्हातारा माणूस.

ह्या शब्दाला रणांगण आणि न्यायालय ह्यांतून उचलून मनाच्या आंत नेण्याचें काम तत्त्वज्ञांनीं केलें. प्लेटोच्या ‘गॉर्जिअस’ ह्या संवादांत सॉक्रेटिस संयमाचा पाठलाग करावयास सांगतो, आणि असंयमापासून ज्याच्या त्याच्या पायांत असेल तेवढ्या बळानें पळावयास सांगतो. म्हणजे आतां दोन माणसें उरलीं नाहींत; एकच माणूस एकीकडे धांवतो आणि दुसरीकडून पळतो. ॲरिस्टॉटलनें ह्या जोडीला शास्त्रीय स्थान दिलें. विचारांत जें स्थान होकाराचें आणि नकाराचें, तेंच इच्छेंत पाठलागाचें आणि पळण्याचें, असा सिद्धांत त्यानें आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागांत मांडला आहे. योग्य निवड व्हावयाची तर बुद्धि ज्याला हो म्हणते त्याच्याच मागें इच्छेनें लागलें पाहिजे. पाठलागाचा वेग इच्छेचा असतो. दिशा बुद्धीनें द्यावी लागते.

ह्यानंतर हा शब्द ग्रीसच्या बाहेर गेला. इ. स. पू. तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें यहुदी धर्मग्रंथांचें ग्रीक भाषांतर सुरू झालें. हिब्रू भाषेंत ‘रादफ’ असें क्रियापद आहे. त्याचाही अर्थ मागें लागणें. आणि त्यालाही दोन्ही बाजू आहेत. इस्राएल लोकांच्या मागें लागलेला फेरो हा एक पाठलाग. आणि शांतीचा शोध घेऊन तिच्या मागें लागावें, न्यायाच्याच मागें लागावें, ह्या उपदेशांतला हा दुसरा. भाषांतरकारांना ‘दिओको’ हा तयार जोडीदार मिळाला. ग्रीक तत्त्वज्ञांनीं ज्या शब्दाला नैतिक वळण दिलें होतें, त्याला आतां धार्मिक तळमळीची जोड मिळाली. ज्या समाजाचा वारंवार पाठलाग झाला, त्यानेंच न्यायाचा पाठलाग करा असें म्हणावें ह्यांत एक अनुभवाचें सामर्थ्य होतें.

ख्रिस्ती धर्माच्या ‘नव्या करारा’च्या मूळ ग्रीकांत हें क्रियापद सुमारें ४५ वेळां येतें, आणि बहुतेक ठिकाणीं त्याचा अर्थ धर्मासाठीं छळणें असा आहे. परंतु तार्ससचा शौल, जो पुढें पौल ह्या नांवानें प्रसिद्ध झाला, त्याच्या चरित्रांत दोन्ही अर्थ एकत्र आले. शौल हा आरंभीं नव्या पंथाचा कट्टर शत्रु. प्रेषितांच्या इतिहासांत अशी कथा आहे कीं, त्या पंथाच्या लोकांना बांधून आणण्यासाठीं मुख्य याजकाचीं पत्रें घेऊन तो दमास्कसला निघाला असतां वाटेंत एकाएकीं प्रकाश पडला, तो भूमीवर कोसळला, आणि आपला पाठलाग कां करतोस असें त्याला विचारणारी वाणी त्याच्या कानीं आली. पुढें कैदेंत असतांना मॅसिडोनियांतील फिलिप्पै येथील मंडळीला त्यानें एक पत्र लिहिलें. त्याच्या तिसऱ्या अध्यायांत, आपण आवेशानें मंडळीच्या पाठीस लागलों होतों हें सांगतांना त्यानें ‘दिओको’ वापरलें. आणि अवघ्या कांहीं ओळींनंतर, शर्यतींतल्या धांवपटूप्रमाणें आपण बक्षिसाच्या खुणेकडे धांवत आहों हें सांगतांनाही ‘दिओको’च वापरलें.

हें नकळत घडलें असेल असें वाटत नाहीं. रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रांतही पाहुणचाराच्या मागें लागा असें सांगून तो लागलीच जे तुमच्या मागें लागले आहेत त्यांना आशीर्वाद द्या असें सांगतो. दोन्हीकडे तेंच क्रियापद. ज्या पायांनीं तो दमास्कसच्या वाटेवर धांवला त्याच पायांनीं तो पुढें धांवला. आवेश तोच, बळ तेंच. समोरची खूण मात्र बदलली. पहिल्या धांवेंत समोर माणसें होतीं, आणि तीं हातीं लागलीं कीं बांधावयाचीं होतीं. दुसऱ्या धांवेंत समोर जें होतें तें अजून आपल्या हातीं आलें नाहीं, असें तो स्वतःच त्या पत्रांत कबूल करतो. हा भेद त्या शब्दांत नाहीं. तो धांवणाऱ्यांत आहे.

रोमन साम्राज्याच्या काळांत ह्या धातूपासून एका हुद्द्याचें नांवही पडलें. आशियामायनरच्या नगरांत ग्रामीण भागावर पहारा ठेवणारे आणि दरोडेखोरांचा माग काढणारे शिपाई असत. त्यांना ‘दिओग्मीताइ’, म्हणजे पाठलागवाले, म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना, म्हणजे आजचें तुर्कस्तानांतील इझ्मिर, येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प ह्याला पकडण्यासाठीं असेच शिपाई घोडेस्वारांसह हत्यारें घेऊन निघाले. ह्या प्रसंगाचा वृत्तांत स्मर्नाच्या मंडळीनें लिहून ठेवला आहे. पॉलिकार्प एका मळ्यांतून दुसऱ्या मळ्यांत गेला होता. पण अखेर शिपाई आले तेव्हां तो आणखी पळाला नाहीं. तो माडीवरून खालीं आला, त्या शिपायांना हवें तेवढें अन्नपाणी द्यावयास त्यानें सांगितलें, आणि स्वतःसाठीं प्रार्थनेपुरता एक तास मागून घेतला. नंतर त्याला नगरांत नेऊन जाळण्यांत आलें. पाठलाग करणारे जेवावयास बसले आहेत आणि ज्याचा पाठलाग झाला तो त्यांचा यजमान आहे, हें दृश्य त्या शब्दाच्या इतिहासांत एकमेव म्हणावें असें आहे.

छळ ह्या अर्थीं ‘दिओग्मोस’ हें नाम ह्यानंतर इतिहासकारांच्या लेखणींत स्थिर झालें. इ. स. ३०३ मध्यें डायोक्लेशियन बादशहाच्या हुकुमानें निकोमीडिया येथील चर्च पाडण्यांत आलें आणि साम्राज्यभर मोठा छळ सुरू झाला. ३११ मध्यें गॅलेरियसनें आणि ३१३ मध्यें कॉन्स्टंटाइन व लिसिनिअस ह्यांनीं ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली. परंतु कथा तेथें संपत नाहीं. ३९१ मध्यें थिओडोसिअस बादशहानें जुन्या देवतांच्या यज्ञांवर बंदी घातली. आणि त्यापूर्वीं कांहीं वर्षें, ट्रीर येथें प्रिसिलिअन नांवाच्या एका ख्रिस्ती बिशपाला ख्रिस्ती बिशपांच्याच फिर्यादीवरून देहांताची शिक्षा झाली होती. एका शतकाच्या आंत पळणारे पाठलाग करणारे झाले. ह्या उलटापालटीचें बीज होमरच्या घोड्यांच्या वर्णनांतच होतें. दोन्ही कला त्याच पायांना येत होत्या.

लॅटिन बायबलांत फिलिप्पैकरांच्या पत्रांतील त्या दोन्ही जागीं, छळ सांगतांना आणि खुणेकडे धांवणें सांगतांना, एकच क्रियापद ठेवलेलें आहे. मूळ ग्रीक शब्दाची दुहेरी छटा त्यांत टिकली. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत मात्र दोन वेगळे शब्द आले, आणि वाचकाच्या दृष्टीनें पौलाच्या दोन धांवांतला दुवा तुटला. मराठींत ‘दिओग्मोस’साठीं ‘छळ’ हा शब्द रूढ झाला. संस्कृतांत ‘छल’ म्हणजे कपट; त्यांत धांवणें कोठेंच नाहीं. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून आयुष्याचीं अखेरचीं वर्षें केडगांव येथें बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिलीं. अशा भाषांतरकाराला ह्या एका क्रियापदापाशीं प्रत्येक वेळीं निवड करावी लागते. मराठींत ‘पाठलाग’ आणि ‘पाठपुरावा’ हे दोन शब्द एकाच ‘पाठी’वर उभे आहेत, पण एक माणसाचा होतो आणि दुसरा कामाचा. ग्रीकानें जें गाठोडें बांधून ठेवलें तें आपल्या भाषेनें सोडून दोन घरांत वांटलें.

खुद्द ग्रीकांनींही पुढें तेंच केलें. आजच्या ग्रीक भाषेंत ‘दिओको’ फौजदारी खटल्यापुरता व छळापुरता राहिला आहे. उपसर्ग लावून झालेलें एक रूप धांवून पकडण्यासाठीं आहे, आणि त्याचपासून लढाऊ विमानाचें नांव बनलें आहे. दुसरा उपसर्ग लागून झालेलें रूप ध्येयासाठीं झटणें ह्या अर्थीं येतें. घरांतून हांकलून देण्यासाठीं बोलीभाषेनें आणखी एक रूप घडविलें आहे. ओडिसिअसच्या दारांतला तो भिकारी त्यांतून अजून ओरडतो आहे. शब्द निराळे झाले म्हणजे विचाराची सोय होते हें खरें. पण सोयीबरोबर एक धोकाही येतो. न्यायाचा पाठपुरावा आणि माणसाचा पाठलाग ह्यांना दोन नांवें मिळालीं म्हणजे त्या दोन क्रियाही आपोआप निराळ्या झाल्या, असें धांवणाऱ्याला वाटूं लागतें. प्राचीन ग्रीकाला ती सवलत नव्हती. ‘मी पाठलाग करतों’ एवढें म्हणून त्याचें वाक्य पुरें होत नसे. कशाचा, हें त्याला पुढें सांगावेंच लागे.